मूठभर यंत्रमानव, हातभर बढाई

गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून संग्रामपूरला आला तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा खेळणी अधिक होती. त्यातले एक तर त्याच्या मुठीतून खाली उतरतच नव्हते. तळहातावर मावेल एवढे तांबडे विमान. त्याचे पंख आणि शेपूट यांची उलटसुलट घडी केली की त्याचा हातपाय असलेला यंत्रमानव होई, आणि यंत्रमानव झाला रे झाला की तो बोलू लागे. आवाज अर्थातच नातवाचा. "सातपुडा? तो तर मी डुलकी घेत घेत ओलांडतो!" "शेगावला जायला तुमच्या गाडीला तास लागतो ना? आजोबांचा चहा निवायच्या आत मी जाऊन परत येईन!" घराच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते. दिवसभरात त्या तांबड्या वीराने ती निदान शंभर वेळा ओलांडली असावी.

मला बढाई सहन होत नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली निम्मीअधिक इतरांचे प्रकल्प अहवाल वाचण्यात गेली. ज्या अर्जात विशेषणे अधिक, त्यात आकडे कच्चे, हा माझा ठरून गेलेला आडाखा. शिवाय क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय लहानपणी पाठशाळेत घोकलेले. त्यातला दुसरा माझ्याच दिवाणखान्यात तांबड्या प्लॅस्टिकचे रूप घेऊन उड्या मारत होता.

पाडव्याच्या दिवशी फराळाला चार-सहा कुटुंबे आली होती. यंत्रमानव खुर्चीच्या पाठीवर उभा राहिला आणि त्याने जाहीर केले, की त्याचा मालक शाळेच्या शर्यतीत पहिला आला. पाहुण्यांतील एकाने कौतुकाने विचारले, "खरंच का रे?" नातवाने उत्तर देण्याआधी मीच बोलून गेलो, "वर्गात सगळ्यांत बुटका आहे तो. शर्यतीत पहिला कसला येतो! खेळणं बढाईखोर आणि मालक त्याहून बढाईखोर." सगळे हसले. नातूही थोडासा हसला. मग त्याने यंत्रमानवाची मुकाट्याने घडी घालून विमान केले, ते घड्याळाखालच्या फळीवर ठेवले आणि आत निघून गेला. पुढचे दोन दिवस विमान तिथेच होते. सातपुडा कुणी ओलांडला नाही.

दुसऱ्या रात्री सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, क्षमापनेला आपण गावातल्या घराघरांत हात जोडत फिरतो. घरातलं पोर तेवढं राहून जातं."

मी मुलाला पुण्याला फोन लावला. त्याने आधी खेळण्याची सगळी कुळकथा ऐकवली आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आणि बाबा, शर्यतीत तो खरंच पहिला आला होता. शंभर मीटर नाही, पन्नास मीटर. पण पहिला."

या फोननंतर मी ते विमान फळीवरून खाली काढले आणि आमच्या व्यवसायातल्या सवयीप्रमाणे त्याची चौकशी सुरू केली. मुलाने सांगितलेले, त्याने पाठवलेले आणि मी स्वतः शोधून वाचलेले असे मिळून जे हाती आले ते मला इतके रंजक वाटले, की ते व्यापारी घरांतल्या वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले. ही कथा खेळण्यांची खरी, पण तिच्यात माल आहे, जाहिरात आहे, साठा आहे आणि पतही आहे.

या यंत्रमानवाचे नाव पॉवरग्लाइड. तो 'ट्रान्सफॉर्मर्स' या खेळणीमालिकेतला. या मालिकेची मुळे जपानात आहेत. टकारा नावाच्या जपानी कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली. मोटारी, विमाने, ट्रक, आणि त्यांचे घडी घालून होणारे यंत्रमानव. मात्र हे यंत्रमानव मुके होते. त्यांना मन नव्हते, नाव नव्हते. त्यांच्या आत बसायला जेमतेम इंचभर उंचीचा चालक मिळे आणि जो काही पराक्रम व्हायचा तो या चालकाचा. यंत्र म्हणजे नुसते वाहन. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या हॅसब्रो कंपनीच्या नजरेला ही खेळणी पडली. तिने ती, आणि टकाराच्याच 'मायक्रोमॅन' मालिकेतली आणखी काही, अशी एकत्र करून १९८४ साली नव्या नावाने बाजारात आणली. चालक काढून टाकला. आता प्रश्न असा, की चालक गेल्यावर यंत्र चालवणार कोण?

याचे उत्तर अभियंत्याने दिले नाही, मासिकाच्या एका संपादकाने दिले. हॅसब्रोने चित्रकथा छापणाऱ्या मार्व्हल कंपनीकडे धाव घेतली. तिथले मुख्य संपादक जिम शूटर यांनी कथेचा आराखडा लिहिला: दूरच्या एका ग्रहावरील यंत्रमानवांच्या दोन फळ्या आणि त्यांचे युद्ध. पण डझनावारी खेळण्यांना नावे द्यायची, प्रत्येकाचा स्वभाव लिहायचा, हे काम किचकट. ते अखेर बॉब बुडियान्स्की या संपादकाच्या अंगावर आले आणि सुटीच्या मोजक्या दिवसांत त्यांनी ते उरकले. खलनायकाचे 'मेगाट्रॉन' हे नाव ऐकून कंपनीचे लोक प्रथम बिचकले. त्यात अणुबॉम्बचा वास येतो, फार भीतिदायक वाटते, अशी त्यांची शंका. बुडियान्स्कींचे म्हणणे असे, की तो खलनायक आहे, भीती वाटायलाच हवी. नाव राहिले.

या बुडियान्स्कींनी प्रत्येक खेळण्याच्या पुठ्ठ्यामागे छापायला जो मजकूर लिहिला तो वाचून माझ्यातला निवृत्त अधिकारी ताठ बसला. नातवाच्या खेळण्यांत प्लॅस्टिकची एक थैली होती. तिच्यात मुलाने जपलेली जुनी चार-सहा कार्डे होती. कार्डावर यंत्रमानवाचे चित्र, त्याचे काम, त्याचा स्वभाव आणि खाली आठ गुणांचा आलेख: शक्ती, बुद्धी, वेग, टिकाव, हुद्दा, धैर्य, मारा आणि कौशल्य. प्रत्येक गुणाला एक ते दहा अंक. आम्ही पतमापन करताना अर्जदाराचा जो तक्ता भरत असू, त्याचेच हे धाकटे भावंड.

गंमत पुढेच आहे. माल विकणारा आपल्या वेष्टनावर काय छापतो? अस्सल, उत्तम, खात्रीचा. आपल्या दुकानातल्या कोणत्याही फळीवर हात ठेवा, दुसरे काही सापडणार नाही. या कार्डांवर मात्र गुणांच्या शेजारी उणीवही लिहिलेली असे. 'बम्बलबी' नावाचा पिवळा छोटा धाडसी आहे, निरोप्या आणि हेर म्हणून उत्तम, पण अंगात बळ नाही. 'हफर' सदा निराश, त्याला घरची ओढ. 'गिअर्स' कायम कुरकुरतो. आणि 'पॉवरग्लाइड'? तो निडर वैमानिक आहे. पण त्याला प्रेक्षक लागतात, दिखाऊपणा हा त्याचा छंद आहे. मालाचा दोष मालाच्या पाठीवर, विकणाऱ्याने स्वतः छापलेला! सगळ्यांचा पुढारी ऑप्टिमस प्राइम. त्याच्या आलेखात बहुतेक रकान्यांत दहा असताना वेगाला आणि माऱ्याला आठच अंक आहेत. ज्याने हे दोन आठ लिहिले त्याला मुलांच्या मनाचा हिशेब पक्का कळला होता. सर्वत्र दहा असलेल्या माणसावर आपण विश्वास ठेवत नाही. पोरे तर मुळीच ठेवत नाहीत.

मालिकेतल्या महागड्या मोठ्या यंत्रमानवांशेजारी ही मुठीत मावणारी छोटी खेळणी म्हणजे स्वस्तातला माल. पॉवरग्लाइड १९८५ मध्ये या छोट्यांच्या फळीत आला. त्याचे रूप अमेरिकेच्या ए-१० या खऱ्याखुऱ्या लढाऊ विमानावरून घेतलेले. या विमानाबद्दल वाचले आणि मला हसू आवरेना. ए-१० हे अमेरिकी हवाई दलातले दणकट, पण दिसायला ओबडधोबड आणि जेट लढाऊ विमानांत चक्क संथ विमान. जमिनीवरच्या सैन्याला जवळून साथ देणे हे त्याचे काम. वैमानिकांनी त्याला ठेवलेले लाडाचे नाव म्हणजे एक जातीचे रानडुक्कर. एवढ्या साध्या, राबणाऱ्या विमानाच्या अंगात नटाचा जीव घातला, की माझ्यासारखा उडणारा दुसरा नाही असे तो सांगत सुटणारच. संथ बैलाने शंकरपटाच्या गोष्टी कराव्यात, तसे.

याच पॉवरग्लाइडवर कार्टूनमालिकेचा एक पूर्ण भाग आहे. १९८५ मधला. त्यात अ‍ॅस्टोरिया नावाची धनाढ्य उद्योगपती घराण्यातली मुलगी आहे. लाडावलेली, धडपडी, जिथे हात लावेल तिथे काही मोडणारी. तिच्या वडिलांच्या कंपनीचे एक गुपित मेगाट्रॉनला हवे आहे आणि तिच्या रक्षणाचे काम या छोट्या फुशारक्याच्या गळ्यात पडते. तो तिला वाचवतो, पण क्षणोक्षणी कुरकुरतो, आपली पाठ आपणच थोपटतो, आणि या मुलीशी आपल्याला काही देणेघेणे नाही असे सर्वांना बजावत राहतो. शेवटी मित्र चिडवतात तेव्हाही तो नाकारतो. तेवढ्यात त्याच्या छातीचे झाकण आपोआप उघडते आणि आत लुकलुकणारे हृदय दिसते. एवढी बढाई मारणाऱ्याला आपली ही एकच गोष्ट काही सांगता आली नव्हती.

हे सगळे गोड आहे, पण कार्टून कशासाठी होते हे विसरून चालणार नाही. ते खेळणी खपवण्यासाठी होते. खेळण्यावरून मालिका काढणे म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात, असा आक्षेप अमेरिकेत जुना आहे. १९६९ मध्ये मॅटेल कंपनीच्या 'हॉट व्हील्स' गाड्यांवर कार्टूनमालिका निघाली, तेव्हा तिच्या विरोधात सरकारी नियामक मंडळाकडे तक्रार केली ती टॉपर या दुसऱ्या खेळणी कंपनीने. बालकांच्या कल्याणाची कळकळ प्रतिस्पर्ध्याला लागली होती, हे वाचून बाजारात वावरलेल्या कोणालाही आश्चर्य वाटणार नाही. मंडळाने त्या वेळी लगाम खेचला. १९८४ मध्ये तो सैल सोडला आणि नेमक्या त्याच वर्षी ट्रान्सफॉर्मर्स आले. पुढे १९९० मध्ये कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना पुन्हा मर्यादा घालावी लागली: तासाला शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटे, इतर दिवशी बारा.

कंपनीची चूकही सांगतो. १९८६ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सचा चित्रपट आला. जुन्या खेळण्यांचा हंगाम संपत आला होता, नवा माल फळीवर आणायचा होता. म्हणून चित्रपटात जुने यंत्रमानव एकामागून एक मारून टाकले, आणि त्यांत ऑप्टिमस प्राइमही मारला. कंपनीच्या दृष्टीने ही साठा मोकळा करण्याची साधी बाब होती. चित्रपटगृहांत मुले हमसून रडली, पालकांची पत्रे आली, आणि १९८७ मध्ये कंपनीला त्या पुढाऱ्याला मालिकेत पुन्हा जिवंत करावे लागले. पुठ्ठ्यामागे स्वभाव लिहून मालात जीव घातला, की तो जीव मग वर्षअखेरच्या साठा-नोंदीत बसत नाही.

आपल्याकडे तेव्हा ट्रान्सफॉर्मर्सचे नाव फारसे पोहोचले नव्हते. माझ्या मुलाच्या बालपणी आमच्या घरात शिरलेला बढाईखोर वेगळाच होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर 'ही-मॅन' लागे. तोही मॅटेलच्या १९८२ च्या खेळण्यांवर उभा असलेला खेळ. भारतात ती खेळणी लिओ या नावाखाली मिळत. त्यात 'ऑर्को' नावाचा हवेत तरंगणारा बुटका जादूगार होता. जादू हमखास फसायची, पण तोंडाने आपली कीर्ती सांगणे थांबायचे नाही. हा ऑर्को कार्टून काढणाऱ्या फिल्मेशन कंपनीने निर्माण केला आणि लोकप्रिय झाल्यावर मॅटेलने त्याचे खेळणे काढले. म्हणजे इथे गंगा उलटी वाहिली. त्याचे नाव आधी 'गॉर्पो' असे ठरले होते. पण छातीवर इंग्रजी 'ओ' अक्षर असले, की चित्र उलटे फिरवूनही वापरता येते, खर्च वाचतो, म्हणून तो ऑर्को झाला. माझा मुलगा त्या ऑर्कोसाठी मी कामावरून परतायची वाट न पाहता शेजाऱ्यांच्या रंगीत टीव्हीपुढे जाऊन बसे.

त्याहून मागे गेलो तर आपल्या मराठी मुलखात हा बुटका वाचाळ कधीचाच येऊन बसलेला दिसतो. यशवंत केशव पाध्ये यांनी शब्दभ्रमाची कला मराठी रंगमंचावर रुजवली. त्यांचा 'अर्धवटराव' पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून महाराष्ट्रभर बोलत राहिला. मांडीवर मावणारा लाकडी बाहुला, आणि बोलणे असे की ज्याच्या मांडीवर बसला त्याच्यावरच कुरघोडी. रामदास पाध्ये शिक्षणाने यंत्र-अभियंते. १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुलाही त्यांचाच, आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसरा ससासुद्धा. आता हा ससा आणि आमचा तांबडा वीर यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघेही मालाचे भाट. फरक असलाच तर एवढाच, की सशामागची संस्था १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केली. त्या ८० रुपयांसाठी त्या माझ्यासारख्याकडे आल्या असत्या तर मी तारण काय विचारले असते, या विचाराने कधी कधी मला अवघडल्यासारखे होते.

बढाईखोर थोराड असला की आपल्याला त्याचा राग येतो. तोच मूठभर असला की हसू येते. 'मियाँ मूठभर, दाढी हातभर' ही म्हण आपण हसतच वापरतो. पण त्या मियाँने एवढी दाढी का वाढवली असेल, असा प्रश्न मला उभ्या नोकरीत एकदाही पडला नाही. तो पडायला हवा होता, असे एक प्रकरण आहे.

१९८७ च्या सुमाराची गोष्ट. विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी मी शाखेत कर्जविभाग पाहत होतो. प्लॅस्टिकच्या बादल्या, डबे, खेळणी आठवडी बाजारात हातगाडीवर विकणारा एक विक्रेता आला. पस्तिशीचा, उंचीने जेमतेम पाच फूट. दुकानगाळा घेण्यासाठी त्याला पंधरा हजार रुपये हवे होते. खुर्चीवर बसायच्या आधीच त्याने सुरुवात केली. अकोल्याचे घाऊक व्यापारी त्याची वाट पाहत थांबतात. मुंबईहून माल आला की पहिला फोन त्याला येतो. चार जिल्ह्यांत त्याच्याएवढ्या बादल्या कुणी विकल्या नाहीत. मी त्याला फोन क्रमांक विचारला. त्याच्याकडे फोन नव्हता. मी मनातल्या मनात फाइल मिटली.

त्याने अर्जासोबत दैनिक ठेवीचे पुस्तक जोडले होते. आमचाच प्रतिनिधी रोज संध्याकाळी त्याच्या गाडीवर जाऊन पैसे घेई. पुस्तक माझ्या टेबलावर होते. मी ते उघडले, वरवर चाळले, बंद केले. टिपणात लिहिले: अर्जदाराची विधाने अतिशयोक्त वाटतात, शिफारस नाही. अर्ज परत गेला.

वर्षभराने लेखापरीक्षणासाठी जुनी कागदपत्रे काढताना त्या खात्याचा उतारा समोर आला आणि या वेळी मी तो ओळीने वाचला. तीन वर्षे, पावसाळा असो की लग्नसराई, रोज दहा रुपये. मधल्या काही दिवशी पाच. आजारपणाचे म्हणून असावेत असे आठ दिवस कोरे आणि नवव्या दिवशी एकदम पंच्याण्णव: राहिलेले आणि त्या दिवसाचे, शिवाय पाचाने ठेवलेल्या एका दिवसाची तूट. हा तपशील माझ्या डोळ्यांपुढे आजही तसाच आहे, कारण तो पाहून मी बराच वेळ पान उलटले नव्हते. ज्याची विधाने मला अतिशयोक्त वाटली त्याने आकड्यांत एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. त्याचे तोंड मी ऐकले आणि त्याचे पुस्तक तेवढे वाचायचे राहिले.

पुढे दोन-तीन वर्षांनी शेगावच्या फलाटावर तो भेटला. त्यानेच मला ओळखले. गाळा घेतला होता, सावकाराकडून, शेकडा तीनने. दर महिन्याला. दोन वर्षांची मिळकत व्याजात गेली, हे त्याने एका वाक्यात उरकले आणि लगेच छाती पुढे काढून म्हणाला, "पण साहेब, आता मी दुकानात शिरलो की तो सावकार स्वतः उठून उभा राहतो." मी मान डोलावली. तेव्हा माफी मागायचे सुचले नाही. सुचले असते तरी अधिकाऱ्याच्या तोंडून ती निघाली असती का, कोण जाणे.

आता पुन्हा कार्डांकडे. ते आठ गुणांचे आलेख नुसत्या डोळ्यांनी वाचताच येत नाहीत. वर तांबड्या रेघांचे दाट जाळे छापलेले असते. मुलाच्या थैलीत तांबड्या पारदर्शक प्लॅस्टिकची एक पट्टी होती. ती आलेखावर धरली की जाळे नाहीसे होते आणि खालची रेघ काळीभोर उमटते. यात जादू काही नाही. तांबड्या पट्टीतून पांढरा कागदही तांबडाच दिसतो, म्हणून तांबड्या रेघा त्यात विरून जातात. निळसर रेघेतून येणारा प्रकाश मात्र पट्टी अडवते, म्हणून ती गडद दिसते. त्या काळच्या मुलांना खेळण्याबरोबर ही पट्टी मिळे. स्वभावाचा मजकूर कोणालाही वाचता येई, अंकांसाठी मात्र पट्टी धरण्याचे कष्ट घ्यावे लागत. मी पट्टी हातात धरून बसलो होतो आणि मला दैनिक ठेवीचे ते पुस्तक आठवत होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला हाक मारली. तो दारातच उभा राहिला. मी म्हणालो, "पन्नास मीटर ना?" तो काही बोलला नाही. "बाबांनी सांगितलं मला. मी सगळ्यांसमोर तुला खोटं ठरवलं. चुकलो. मिच्छामि दुक्कडम्." त्याला काय करावे ते कळेना. पर्युषणात मोठी माणसे एकमेकांना हे म्हणतात हे त्याने पाहिले होते, त्याला कुणी कधी म्हटले नव्हते. थोड्या वेळाने त्याने विचारले, "ते पाहुणे परत येणार आहेत का?" मी फोन उचलला आणि त्यांच्यापैकी चौघांना त्याच्यासमोर सांगितले, की शर्यतीचे खरे होते. एकाला ती गोष्टच आठवत नव्हती. त्याला सगळी नव्याने सांगावी लागली.

दुपारी आम्ही दोघे कार्डे घेऊन बसलो. पट्टी धरून ऑप्टिमस प्राइमचे अंक वाचले. मग त्याने वहीचे पान फाडून स्वतःचे कार्ड केले. शक्ती तीन. वेग नऊ. धैर्य सहा, कारण रात्री अंगणात एकटे जाता येत नाही. उंचीचा रकाना मूळ कार्डात नाही, म्हणून त्यानेही काढला नाही. स्वभावापुढे त्याने लिहिले: "कधीकधी जास्त सांगतो. पण धावतो खरंच."

तांबडे विमान त्याच्या गुडघ्यावर होते. त्याने माझे कार्ड करायला घेतले. बुद्धी नऊ, टिकाव आठ, वेग दोन. धैर्याच्या रकान्यापाशी तो थांबला, माझ्याकडे पाहिले आणि सात लिहिले. मी विचारले, "सातच का रे?"

"आजोबा," तो पट्टी माझ्या हातात देत म्हणाला, "ऑप्टिमसला पण वेगात आठच आहेत."